आधी खराटा, मग पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दख्खनच्या पठारावर नगरपालिकेचं पन्नास एकरांचं प्राणिसंग्रहालय आहे. चितळ, सांबर, काळवीट मिळून दीडशे जनावरं, चार वाघ, तीन बिबटे, दोन अस्वलं, मगरींचं तळं आणि पक्ष्यांचे पिंजरे. ‘पर्यावरणपूरक’ करण्यासाठी वर्षाचा निधी मंजूर झाला आहे. आधी सोलर बसवावं, बायोगॅस बांधावा की प्लास्टिकबंदी करावी?

या तिन्हींच्या आधी एक काम आहे आणि त्याला निधी जवळजवळ लागत नाही. पिंजऱ्यांच्या मागच्या बाजूने, जिथे पर्यटक कधी जात नाहीत, तिथून रोज जे जे बाहेर पडतं ते वेगवेगळं ठेवायला लागा: गवत खाणाऱ्यांच्या लेंड्या, मांस खाणाऱ्यांची विष्ठा, धुण्याचं साधं पाणी, जंतुनाशकाचं पाणी, जंताचं औषध दिलेल्या जनावरांचं शेण आणि दवाखान्याचा कचरा. हे सगळं एका नाल्यात गेलं की पुढे कितीही महागडा प्रकल्प बांधा, तो चालत नाही. बायोगॅस बंद पडला की ठेकेदाराला शिव्या बसतात. पुष्कळदा कारण वरच्या पिंजऱ्यात रोज ओतल्या जाणाऱ्या फिनाइलमध्ये असतं.

सुरुवात मोजण्यापासून करा. सात दिवस, सातही दिवस. त्यात वाघ-बिबट्यांच्या उपासाचा वार आणि गर्दीचा रविवार दोन्ही आले पाहिजेत. तराजू, २० लिटरची बादली, मोबाइलमधलं घड्याळ आणि एक वही एवढं पुरतं. किती किलो चारा टाकला, किती उरला, किती लेंड्या गोळा झाल्या, कुठला पाइप किती मिनिटं चालला. चितळ दिवसाला साधारण किलो-सव्वा किलो ओल्या लेंड्या टाकतं, पण निम्म्याहून जास्त मोकळ्या आवारात विखुरतात आणि त्या तिथेच राहिलेल्या चांगल्या. त्या शेणकिड्यांच्या आणि मातीच्या. हिशोबात फक्त निवाऱ्यातल्या आणि गव्हाणीजवळच्या लेंड्या धरायच्या. कागदावर ‘दीडशे जनावरं’ म्हणून आकडा फुगवला की खड्डा, टाकी, शेड सगळंच दुप्पट मोठं बांधलं जातं आणि अर्धं रिकामं राहतं.

आता पाणी. वाघ-बिबट्यांच्या रात्रीच्या खोल्या धुण्याची सर्रास पद्धत अशी असते: दार उघडलं, पाइप सुरू केला, विष्ठा पाण्याच्या जोरावर नालीपर्यंत ढकलत नेली. म्हणजे खराट्याचं काम पाण्याकडून करून घ्यायचं. पाऊण इंची उघड्या पाइपखाली २० लिटरची बादली लावा. ती ४० सेकंदांत भरली तर पाइप मिनिटाला ३० लिटर सोडतोय. बारा खोल्या, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे ३,६०० लिटर. तेच आधी फावड्याने आणि खराट्याने विष्ठा, हाडं, केस घमेल्यात भरले, पाइपला दाबाची तोटी लावली आणि तीन मिनिटांत धुतलं, तर १,०८० लिटर. शेवटी रबरी पुसणीने पाणी ओढून घ्यायचं, म्हणजे फरशी अर्ध्या तासात कोरडी होते. कोरडी फरशी हेच अर्धं जंतुनाशक.

उच्च दाबाचं यंत्र आणावं का, असं विचारतात. पाणी वाचतं, पण दोन अडचणी आहेत. विष्ठेचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, म्हणून कीपरला मास्क हवा आणि शेजारच्या खोलीतही प्राणी नको. शिवाय जुन्या कोब्याचा वरचा थर उडून बारीक खड्डे पडतात. मग त्या खड्ड्यांत घाण बसते आणि पुढे दुप्पट रसायन लागतं. कोबा आधी दुरुस्त करा, नालीकडे उतार नीट द्या, मग यंत्राचा विचार करा.

रसायनांबाबत आग्रहाने सांगायचं ते असं: मांजरवर्गीय प्राण्यांच्या खोलीत फिनाइल नको. वाघ-बिबट्याच्या यकृताला फिनॉलचा निचरा नीट करता येत नाही. पंजाला लागलेलं तो चाटतो आणि ते पोटात जातं. ब्लीचिंग पावडर वापरायची तर आठवड्यातून एकदा किंवा आजार असेल तेव्हा. साधारण ३० टक्के क्लोरीन असलेली पावडर १० लिटर पाण्याला ३३ ग्रॅम, म्हणजे ०.१ टक्क्याचं द्रावण. घाण काढून धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटं ठेवायचं, मग पाणी मारायचं. न धुतलेल्या फरशीवर टाकलं तर क्लोरीन घाणीशीच झुंजून संपतं. मूत्र साचलेल्या जागी टाकलं तर अमोनियाशी मिळून घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा वायू होतो, बंद खोलीत तो कीपरलाही धोक्याचा. पावडरचं पोतं पावसाळ्यात उघडं राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत तिचा जोर जातो आणि मग ‘दोन मुठी जास्त टाक’ सुरू होतं. हवाबंद डबे घ्या, छोट्या पिशव्या मागवा.

दारातलं पायधुण्याचं पोटॅशियम परमँगनेट जांभळं आहे तोवरच कामाचं. तपकिरी झालं की ते संपलं. चिखलाच्या बुटांनी ते तासाभरातही संपतं. ते बदलताना तळ्यात ओतू नका, माशांना विषारी आहे.

क्लोरीनचं पाणी नेहमीच्या नालीत जाऊ नये म्हणून पिंजऱ्यांच्या रांगेच्या शेवटी दोन तोंडांचं चेंबर बांधून घ्या. गवंड्याचं एका दिवसाचं काम. रोजच्या धुण्याला एक झडप उघडी, जंतुनाशकाच्या दिवशी दुसरी. दुसरीचं पाणी उघड्या उथळ टाकीत दोन दिवस उन्हात राहिलं की क्लोरीन उडून जातं. झडपांना दोन ठळक रंग द्या. बदली कीपर आला की गोंधळ इथेच होतो.

रोजच्या धुण्याच्या पाण्यासाठी मोठं यांत्रिक शुद्धीकरण केंद्र बांधू नका. त्याला चोवीस तास वीज आणि प्रशिक्षित माणूस लागतो, छोट्या पालिकेत दोन्ही टिकत नाहीत. कर्दळ किंवा पाणकणीस लावलेला खडीचा वाफा पुरतो. हिशोब सोपा आहे. पाणी तीन दिवस वाफ्यात राहिलं पाहिजे. खडीत पोकळी साधारण ४० टक्के. खोली ६० सेंटिमीटर. रोज १,१०० लिटर असतील तर तीन दिवसांचे ३.३ घनमीटर पाणी, त्याला सव्वाआठ घनमीटर खडी, म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर वाफा. खराटा न वापरता ३,६०० लिटर सोडत असाल तर तोच वाफा ४५ चौरस मीटरचा. आधी खराटा म्हणतो ते यासाठी.

वाफा लांबट ठेवा, रुंदीच्या तिप्पट लांबी, तळाला एक टक्का उतार, खाली जाड प्लास्टिकचं अस्तर. मधे १० ते २० मिलिमीटरची खडी, दोन्ही टोकांना मुठीएवढे दगड. त्याच्या आधी दोन कप्प्यांची गाळ टाकी आणि तिच्याही आधी जाळी हवीच. वाफे तुंबतात ते केस, पिसं आणि गवताच्या काड्यांनी. जाळी रोज, गाळ टाकी तीन महिन्यांनी. छपराचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी या नालीला जोडलेलं असेल तर आधी तोडा. नाहीतर जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात सगळा गाळ खडीत जाऊन बसतो आणि वाफा उकरून खडी धुण्याशिवाय उपाय उरत नाही.

लेंड्यांकडे वळू. चितळ-सांबराच्या लेंड्या हे उत्तम कच्चं खत आहे, पण कच्चं कधीही चाऱ्याच्या शेतात टाकायचं नाही. त्यात जंतांची अंडी असतात. त्याच शेतातलं गवत त्याच हरणांना घातलं की आपणच जंताचं चक्र चालवतो. ढीग तापला पाहिजे. रोज ६० किलो गोळा होत असतील तर आठवड्याचा एक ढीग करा: एक घमेलं लेंड्या, दोन घमेली सुका पाला, असे थर. दीड मीटर रुंद, सव्वा मीटर उंच, दोन-सव्वादोन मीटर लांब. यापेक्षा लहान ढीग उष्णता धरत नाही. मूठभर माल घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. लांब दांड्याचा थर्मामीटर मध्यभागी खुपसून रोज वाचा. ५५ अंशांच्या वर पंधरा दिवस आणि त्या काळात पाच वेळा पालटणं, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी. पालटताना बाहेरचा थर आत गेला पाहिजे, नाहीतर कडेची अंडी जिवंतच राहतात.

ढीग तापत नसेल तर बहुधा पाणी कमी किंवा पाला जास्त असतो. अमोनियाचा वास आला तर पाला कमी. सडका वास आला तर हवा कमी. सागाची पानं आख्खी टाकली तर थरांच्या पत्रावळ्या होऊन बसतात, हवा जात नाही; ती तुडवून किंवा यंत्रातून चुरून घ्या. छप्पर पत्र्याचं, बाजू उघड्या. गांडुळं सोडायची ती ढीग थंड झाल्यावरच, तीस अंशांच्या आसपास, चौरस मीटरला एक किलो. गरम ढिगात टाकली की रात्रीत मरतात, आणि मग ‘आमच्याकडे गांडुळखत होत नाही’ असा समज कायमचा बसतो.

एक गोष्ट फार कमी ठिकाणी पाळली जाते. हरणांना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलं की ते औषध बऱ्याच अंशी शेणातून बाहेर पडतं आणि तिथेही आपलं काम चालू ठेवतं: शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. औषध दिल्यापासून दोन आठवड्यांचं शेण निवाऱ्यातून वेगळं गोळा करा, त्याचा स्वतंत्र ढीग लावा, गांडुळांना देऊ नका. म्हणूनच कॅलेंडर लावून सगळ्या कळपाला ठरावीक महिन्यांनी औषध पाजण्याऐवजी आधी शेणाची तपासणी करून अंड्यांची संख्या पाहा आणि गरज असेल तरच द्या. औषधाचा खर्चही वाचतो.

वाघ-बिबट्यांची विष्ठा या ढिगात नको. मांजरवर्गीयांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजं येतात. ओल्या मातीत ती वर्षभर तग धरतात आणि क्लोरीनलाही दाद देत नाहीत. मात्र ताजी विष्ठा लगेच संसर्ग करत नाही, बीज तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोज, चोवीस तासांच्या आत उचलणं हाच खरा उपाय. ती झाकण असलेल्या पक्क्या खड्ड्यात, विहिरीपासून आणि तळ्यापासून लांब, वर चुना आणि मातीचा थर. घमेलं, फावडं, हातमोजे वेगळे. तेच घमेलं दुपारी हरणांच्या गव्हाणीत फिरताना दिसलं तर बाकी सगळं फुकट.

बायोगॅस करायचाच असेल तर आकडे पाहून करा. गाईच्या २५ किलो शेणाला साधारण एक घनमीटर वायू, आणि एक घनमीटर म्हणजे ०.४३ किलो एलपीजीचं काम. म्हणजे रोजच्या ५० किलो शेणावर १४.२ किलोचा एक सिलिंडर सोळा-सतरा दिवसांत वाचतो. हत्ती किंवा गवे असतील तर विचार नक्की करा, एक हत्ती दिवसाला शंभर किलोपर्यंत लीद टाकतो. तुमच्याकडे मुख्यतः हरणं आहेत. लेंड्या कोरड्या आणि कडक. तशाच टाकल्या की टाकीत तरंगतात, वर जाड पापुद्रा धरतो आणि वायू अडकतो. रात्रभर भिजवून, चुरून, पाणी दीडपटीने घालूनच टाकाव्या लागतात. हे कष्ट रोज घेणारा माणूस ठरलेला नसेल तर खतच बरं. टाकीला स्वयंपाकघरातल्या फळांच्या साली एकदम घातल्या तर आम्लता वाढते, ज्योत फिकी पडून विझते. तेव्हा चार-पाच दिवस भरणं थांबवा, चुन्याची निवळी घाला, मग थोड्या शेणाने पुन्हा सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत वायू कमी येणार, तो बिघाड समजू नका.

चाऱ्यासाठी एखादा एकर हाताशी असेल तर नेपियर गवत लावा आणि वाफ्यातून निघालेलं पाणी सरीने द्या, फवाऱ्याने नाही. मगरींच्या तळ्याचं पाणीही इथेच वापरता येतं, त्यात नत्र भरपूर असतं. पण त्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, म्हणून पानांवर उडू देऊ नका आणि शेवटचं पाणी व कापणी यांत दोन आठवडे जाऊ द्या. खत आणि पाणी दोन्ही भरमसाट दिलं, मग आठवडाभर पाणी तुटलं, तर गवतात नायट्रेट साठतं आणि हरणं दगावू शकतात. सुबाभूळ पौष्टिक असली तरी तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. चारा जमिनीवर फेकण्याऐवजी गव्हाणीत, छातीच्या उंचीला दिला की तुडवून वाया जाणारा भाग लगेच कमी दिसतो. वहीतल्या ‘उरला’ या रकान्यात पाहा.

मगरींचं तळं दर आठवड्याला पूर्ण उपसून भरण्याची गरज नाही. एका कोपऱ्यात तळ खोल ठेवून गाळ तिथेच जमू द्या आणि तेवढंच पाणी काढा. उरलेलं मांस-मासे संध्याकाळच्या आत जाळीने बाहेर. उन्हाळ्यात बाष्पीभवनच मोठं असतं: दिवसाला ७ मिलिमीटर पाणी उडालं तर शंभर चौरस मीटरच्या तळ्यातून ७०० लिटर जातात. पश्चिमेच्या काठावर करंज, उंबर अशी दाट सावलीची झाडं लावली तर काही वर्षांत फरक पडतो. तोपर्यंत हिरवी जाळी चालेल, पण ती दोन-तीन उन्हाळ्यांनी विरते आणि तिचे धागे हरणं गिळतात. धागे सुटायला लागले त्या दिवशीच उतरवा. फांद्या आणि पऱ्हाट्यांची तट्टी जास्त सुरक्षित. डासांसाठी गप्पी किंवा गंबुसिया मासे सोडू नका, कारण पावसाळ्यात तळं ओढ्याला मिळालं की ते बाहेर जातात आणि तिथल्या माशांच्या पिल्लांवर ताव मारतात. बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध अळ्यांवर चालतं.

उंदरांसाठी रक्त पातळ करणारी विषारी गोळी ठेवली की गुंगलेला उंदीर घुबड किंवा मुंगूस खातं आणि तेही मरतं. सापळे लावा, धान्याच्या खोलीच्या दाराखालची फट बंद करा (पेन्सिल जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं) आणि रात्री गव्हाणीत दाणा ठेवू नका. मेलेल्या जनावरांबाबतही हीच साखळी. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून आणि किटोप्रोफेन-असेक्लोफेनॅकवर २०२३ पासून बंदी आहे, कारण ही वेदनाशामकं दिलेल्या जनावराच्या शवावर आलेली गिधाडं मरतात. त्यांच्याऐवजी मेलॉक्सिकॅम वापरा. भूल देऊन दयामरण दिलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, मांसाहारी प्राण्यांनाही घालू नका. शवविच्छेदनातले अवयव, सुया, पट्ट्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ठरलेल्या रंगाच्या पिशव्यांत (सुया मात्र न टोचल्या जाणाऱ्या डब्यात), आणि पिवळी पिशवी ४८ तासांच्या आत अधिकृत केंद्राकडे. हा कचरा खताच्या शेडजवळ ठेवण्याची जागाच ठेवू नका.

प्लास्टिकबाबत फार लिहिण्यासारखं नाही, एकच पद्धत टिकते: दारावर बाटलीला क्रमांकाचं स्टिकर, दहा-वीस रुपये अनामत, बाहेर पडताना परत. चिप्स दारातच कागदी पिशवीत ओतून द्यायचे. याला शनिवार-रविवारी दोन माणसं जास्त लागतात. ती दिली नाहीत तर दुपारी बारानंतर रांग वाढते आणि बंदी गुंडाळली जाते. आत पाण्याच्या टाक्या भरपूर हव्यात, नाहीतर बाटली आणू नका म्हणायचा अधिकारच राहत नाही. पाणी मुळात गोड असेल तर आरओ बसवू नका, साधा गाळणी-यूव्ही संच पुरतो. आरओ बरंच पाणी टाकून देतो. शहाळी विकत असाल तर करवंट्या संध्याकाळपर्यंत चार फाका करून खताच्या शेडला. आख्ख्या शहाळ्यात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासांना त्याहून सोयीची जागा नाही.

सोलर शेवटी, कारण आधी पाण्याचा वापर घटला की पंपाचे तास घटतात आणि लागणारी क्षमताच कमी होते. आपल्याकडे एक किलोवॅटला दहा चौरस मीटर जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिट धरा. पंप दिवसा चालवा आणि साठवण उंचावरच्या टाकीत करा, बॅटरीत नको. पॅनेल झाडावरून वानरांना उडी मारता येणार नाही अशा अंतरावर, वायरी लोखंडी नळीतून. वानर पॅनेलवर बसल्याने फारसं काही होत नाही, पण वायर ओढायला त्याला फार आवडतं.

आवारातल्या हिरवळीचं पाणी तोडा आणि तिथे मारवेल, पवन्या ही गवतं लावा. कुसळी गवत हरणांच्या आवारात वाढू दिलं तर फुलोऱ्याआधी कापा. पिकलेली कुसळं तोंडात आणि डोळ्यांत रुततात. घाणेरी वरून कापून उपयोग नाही, दहा फांद्यांनी फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचं, झुडूप उपटून उलटं ठेवायचं, मुळं वर. पहिल्या पावसानंतर माती ओली असताना, फळं धरण्याआधी हे करा. रिकाम्या जागी त्याच आठवड्यात गवताचं बी टाका, आणि पुढचे दोन पावसाळे पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली फेरी मारून नवी रोपं हातानेच उपटत राहा.